अर्ध्या किलोचा दगड

जतहून निघालो तेव्हा नऊच वाजले होते
आणि व्हॅनचं स्टिअरिंग मलकारीला
फडक्यानं धरावं लागत होतं.

मागच्या सीटवर जैनबीचा तराजू,
दोन पारडी, एक दांडी, सुतळीनं आवळलेली,
आणि गोणपाटात तो काळा दगड.
अर्ध्या किलोचं माप हरवल्यावर
तिनं मिऱ्याच्या किनाऱ्यावरून उचललेला,
लाटांनी घासून घासून लोण्यासारखा.

अकरा वर्षं दर बाजाराला यायची,
रात्रीच्या एसटीनं, दोन पाट्या सुकट घेऊन,
आणि जाताना हे सगळं ठेवायची
माझ्या शिलाई मशीनखाली.
किती नवरींच्या ब्लाउजांना
हळदीआधी बोंबलाचा वास लागला.
भांडलेही मी. ती म्हणायची,
"दर्या हाय तो. धुतला की जाईल."
गेला नाही.

यंदा संक्रांतीनंतर आलीच नाही.
फोनवर नातू म्हणाला, आजीचे गुडघे गेले,
तराजू भंगारात घाला.
आता असं कसं घालायचं.

शेगावच्या अलीकडं काटा लाल्यात गेला.
मलकारीनं शिवी हासडली आणि हीटर लावला.
मे महिन्यात. हीटर.
"इंजिनचा ताप थोडा आपुन घ्यायचा," म्हणाला,
"न्हाईतर मरतंय ते."
मग काचा खाली, बाहेरची झळ आत,
आतली तिथंच,
आणि दोन्हीकडं माळ, कुसळं,
पवनचक्क्या उभ्या, एक पातं हलत नव्हतं.
एका बाभळीखाली बेचाळीस मेंढरं
एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून.
मी मोजली. दुसरं करायचं काय.

रस्त्याकडंच्या घरातल्या बाईनं विचारलं,
"पाणी प्यायला, का गाडीला?"
गाडीला म्हटल्यावर निराळी घागर दाखवली,
तांदूळ धुतलेलं, त्यात भांडी विसळलेलं,
आता तिसऱ्या कामाची वाट बघत बसलेलं.
रेडिएटरनं गटागटा घेतलं.
आम्हाला तांब्याभर चांगलं दिलं,
आणि मलकारीनं नोट काढली तर
माहेरच्या कन्नडमध्ये असं काही बोलली
की नोट परत खिशात गेली
आणि नागज फाट्यापर्यंत तो गप्प.

कवठेमहांकाळला बेदाण्याच्या शेडवर
इंजिन निवायला थांबलो.
हिरव्या जाळीखाली बायका काड्या निवडत होत्या.
दारातच इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकडे.
काय मनात आलं कुणास ठाऊक,
गोणपाट सोडून मी दगड वर ठेवला.

पाचशे वीस.

शेडवाल्यानं काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला.
पाचशे वीस.
"कुणाचं माप म्हणायचं हे?"
"सुकट विकणारीचं."
"मग बुडाली की ती."

वीस ग्रॅम. दर गिऱ्हाईक, दर बाजार, अकरा वर्षं.
हिशोब मी मिरजेपर्यंत करत राहिले,
पायांवर हीटर, मांडीवर दगड,
आणि जुळेचना.
मधेच आठवलं, पारडं टेकल्यावरही
मीच म्हणायचे, "टाक गं अजून चार,
मापात पाप करू नगंस."
ती टाकायची. हसून टाकायची.

तिला माहीत होतं का?
नसेल, तर आता सांगायचं का,
गुडघे गेल्यावर?
मलकारी म्हणाला, "सांग."
एक ट्रक ओलांडून झाल्यावर म्हणाला,
"न्हाईतर नको."

अंकलीच्या पुलावर ऊन कललं होतं.
खाली कृष्णेत म्हशी, नुसती शिंगं वर.
काटा आपणहून उतरला,
त्यानं हीटर बंद केला,
आणि त्याचा इतका वेळचा आवाज
थांबल्यावर पहिल्यांदा ऐकू आला.
जिल्हा मागं पडला.
समुद्र अजून दीडशे किलोमीटर.

दगड गरमच होता. नाकाशी नेला.
पदरानं पुसायला घेतला,
आणि तसाच ठेवला.